गवंड्यावाचून बांधकाम

श्रोतेहो, कुणाच्या कमरेवर किंवा छातीवर एका बाजूने पाणीदार फोडांचा पट्टा उठला की गावात कुजबूज सुरू होते, "नागीण झाली!" मग कुणी गेरूचा लेप सुचवतो, कुणी मांत्रिकाचं घर दाखवतो. आणि एक वाक्य हमखास कानी पडतं: नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस दगावतो. ते ऐकूनच रोग्याचं अर्धं अवसान गळतं.

आज ही नागीण आहे तरी कोण आणि ती आपल्या अंगात घडते कशी, ते पाहू.

नागिणीचा सापाशी काहीएक संबंध नाही. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणूच पुढे नागीण आणतो. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो जात नाही. कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं दडून बसतो. वय झालं, अंगातली प्रतिकारशक्ती घटली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. त्या तंतूचा मुलूख अंगाच्या एकाच बाजूला असतो. म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. तोंडं मिळण्याशी जिवाचा संबंध नाही.

या विषाणूच्या घराण्याचं नाव हर्पीस. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात, ते याच्याच भावंडाचं काम. शास्त्रज्ञांनी या ओठाच्या विषाणूची घडण फार बारकाईने अभ्यासली आहे. पुढे मी आकडे सांगेन ते त्याचे. पण घराण्यातल्या सगळ्यांची बांधणीची रीत एकच.

विषाणू स्वतः काही बनवू शकत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिलाच आपली प्रथिनं बनवायला लावतो. ही प्रथिनं म्हणजे ठरावीक आकाराचे घडीव चिरे समजा. पण इथे ना गवंडी, ना मुकादम, ना नकाशा घेऊन उभा ओव्हरसियर. मग बांधतं कोण? चिरेच एकमेकांना ओळखतात. एकाची खाच, दुसऱ्याचा उंचवटा. जुळलं की बसलं.

जुन्या बारवेची दगडी कमान तुम्ही पाहिली असेल. ती बांधताना खाली आधी लाकडी साचा उभारतात, त्यावर दगड बसवतात आणि कमान पक्की झाली की साचा काढून घेतात. विषाणू हुबेहूब तेच करतो. त्याची एक पेटी असते, २० बाजूंची आणि १२ कोपऱ्यांची. रुंदी इतकी थोडी की अशा ८,००० पेट्या ओळीने मांडाव्या तेव्हा एक मिलिमीटर भरेल. तिच्या मुख्य प्रथिनाचे ९५५ चिरे लागतात. गंमत अशी, की पेटी बांधायची पेशीच्या केंद्रकात, आणि या मुख्य प्रथिनाला एकट्याने तिथे शिरता येत नाही! सोबत लागते. ही सोबत करणाऱ्यांत साच्याचं प्रथिनही असतं. आत गेल्यावर त्याच साच्याभोवती चिरे जमतात आणि एक गोल चेंडू तयार होतो.

मग चेंडूच्या आतलंच एक कातरणारं प्रथिन साच्याचे तुकडे करतं. साचा निघून जातो आणि चेंडूची कोनदार, मजबूत पेटी होते. हे कातरणारं प्रथिन बिघडलं तर साचा आतच अडकून राहतो आणि पेटी फुकट जाते.

१२ कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर दार असतं. तिथून विषाणूचा आनुवंशिक धागा, म्हणजे डी.एन.ए., आत भरतात. धागा पेटीच्या रुंदीच्या सुमारे ४०० पट लांब! जिनिंग-प्रेसमध्ये कापसाची गाठ दाबतात तसा एक यंत्रासारखा प्रथिनांचा संच तो आत रेटतो. भरलेल्या पेटीच्या आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २० पट असतो. मग पेटी केंद्रकाबाहेर पडते. तिच्यावर प्रथिनांचा गादीसारखा थर चढतो आणि शेवटी पेशीच्याच पडद्याचं पांघरूण. मधल्या थरातली प्रथिनं एका हाताने पेटी धरतात, दुसऱ्याने पांघरूण.

हे सारं खरोखर आपोआप होतं का? १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शास्त्रज्ञांनी कीटकांच्या पेशींकडून ही प्रथिनं बनवून घेतली आणि त्यांचे अर्क परीक्षानळीत एकत्र केले. जिवंत पेशी नव्हती, तरी पेट्या जमल्या.

आता तुम्ही विचाराल, आम्हा शेतकऱ्यांना याचा काय उपयोग? उपयोग असा, की जिथे जोड तिथे घाव घालता येतो. याच घराण्यातला आणखी एक विषाणू अस्थिमज्जा बदललेल्या रोग्यांच्या जिवावर उठतो. त्याचा धागा भरणारा संचच अडवणारं लेटरमोव्हिर हे औषध २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते नागिणीवर चालत नाही. नागिणीसाठी असायक्लोव्हिर आहे. ते धागाच पुरा होऊ देत नाही. धागा नाही तर पेटीत भरणार काय?

पण नीट ध्यानात घ्या. हे औषध नवं बांधकाम थांबवतं. झालेली नासधूस भरून काढत नाही. म्हणून फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत, म्हणजे ७२ तासांत, ते सुरू झालेलं बरं. लेप आणि मंत्र यांत गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे विषाणूला मिळालेली मोकळीक. फोड बरे झाल्यावरही ठणका महिनोन्‌महिने मागे राहू शकतो, म्हाताऱ्या माणसांत विशेष. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दृष्टीचा प्रश्न असतो.

गुरुजींना एक विनंती. वर्गात मुलांना कागदाची २० त्रिकोणी बाजूंची पेटी करायला लावा आणि ही हकिकत सांगा. उद्या घरी आजीच्या कमरेला फोड उठले, तर तेच पोर म्हणेल, "आजी, ही नागीण चावत नाही. पण चल, आजच दवाखान्यात जाऊ."