दादाची खुर्ची आणि वहिनीची कॅसेट

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असाल, कुणी धार काढायला निघाला असाल. असू द्या. हात चालू ठेवूनच ऐका, आपण रेडिओ नेहमी तसाच ऐकतो. आजचं माझं बोलणं त्याच ऐकण्याबद्दल आहे.

माझा थोरला भाऊ कोल्हापुरात असतो. त्याला ना तंबाखू, ना पत्ते. एकच नाद, चांगल्या आवाजाचा. पगारातनं वाचवून, निवृत्तीनंतरचे थोडे घालून त्यानं माडीवरची एक खोली नुसती गाणं ऐकायला केली आहे. माणसाच्या कमरेइतके उंच दोन स्पीकर. तबकडी वाजवायचं यंत्र. आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, त्यात पूर्वीच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापून लालसर दिसायला लागले की मगच हा तबकडी लावतो. स्पीकरला जोडलेली नुसती वायर किती रुपयांची, ते त्यानं मला सांगितलं आणि मी मनात हिशेब केला: आमच्या गटातल्या एखादीची शेळी आली असती. वायरीनं खरंच फरक पडतो का, यावर या नादाच्या लोकांतच भांडणं आहेत म्हणे. मला विचाराल तर शेळीनं नक्की फरक पडला असता.

त्या खोलीत खुर्ची एकच. दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीचं अंतर. चुलीचे तीन दगड मांडावेत तसं. त्या जागी बसलं की आवाज डावीकडनं किंवा उजवीकडनं येत नाही, मधोमध रिकाम्या जागेतनं येतो. गेल्या भाऊबीजेला दादानं मला तिथं बसवलं आणि केसरबाई केरकरांची भैरवी लावली. समोर बाई बसली आहे, तिनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. रेकॉर्ड जुनी, तिची खरखर होती. पण खरखर एका जागी आणि बाई एका जागी. अंगावर काटा आला. तेव्हा मला दादाचा नाद थोडा कळला.

या केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरला दरबारी गवई म्हणून ठेवलं, आणि 1922 साली महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. कोल्हापुरात देवल क्लबापाशी त्यांचा पुतळा आहे. पण त्यांचा आवाज कुठंच नाही. तबकडीचा जमाना येऊन गेला, 1946 पर्यंत ते हयात होते, तरी त्यांनी आपलं गाणं रेकॉर्ड करू दिलं नाही. दादा म्हणतो, लाखाचे स्पीकर आणले तरी खाँसाहेब काही ऐकू यायचे नाहीत. आणि त्यांच्या शिष्येची भैरवी कुठं गेली बघा. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली, कुणी कुठं असलाच तर त्याला पृथ्वीवरचा आवाज कळावा म्हणून. तिच्यावर भारतातली एकच गायिका आहे, ती ही. तबकडीबरोबर सुई पाठवली आहे आणि ती कशी वाजवायची याची चित्रंही काढून दिली आहेत.

चांगला आवाज शोधणं आपल्या भागाला नवं नाही. मिरजेत सतार आणि तंबोरा करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या त्यातच आहेत. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तो वाळवायचा, कापायचा, बसवायचा, हे झालंच. पण शेवटचं काम जवारीचं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून घासून असा उतार द्यायचा की तार नुसती टण् न वाजता गुंजत राहिली पाहिजे. मग तारेखाली सुताचा धागा घालायचा आणि केसभर पुढं-मागं सरकवायचा. एका जागी आवाज एकदम फुलतो. तिथं थांबायचं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दादाची खुर्ची इंच-इंच सरकवणं मला त्या धाग्यासारखंच वाटतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. दादा म्हणाला, अर्धा आवाज यंत्राचा आणि अर्धा खोलीचा. त्याचं घर नवीन, वर स्लॅब, खाली फरशी. सुरवातीला गाणं लावलं की शब्दांवर शब्द चढायचे. म्हणून त्यानं भिंतींवर महागाचे जाड फळे लावून घेतले. मी म्हटलं, आमच्या समाजमंदिराचं अगदी असंच आहे. गटाची बैठक असते, पुढं बसलेल्या चौघींना कळतं, मागं नुसता घुमारा. गेल्या वर्षी एका काकींनी कर्जाच्या कागदावर सही केली. महिन्याला भरायचे होते साठ, त्यांनी ऐकलं आठ. घरी त्यावरनं केवढं महाभारत झालं! सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला, लक्ष कुठं होतं म्हणून.

दादानं समजावून सांगितलं ते असं. ‘आ’, ‘ओ’ हे आवाज भरदार असतात, लांबवर जातात. ‘स’, ‘फ’, ‘त’ हे नाजूक. मोकळ्या भिंतींच्या खोलीत पहिल्या अक्षराचा घुमारा चालू असतो, तोवर पुढचं नाजूक अक्षर त्याच्याखाली दबून जातं. त्यात वय झालं की कानाला आधी ऐकू येईनासे होतात ते हेच बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. मग ‘साठ’मधला ‘स’ गेला की राहिलं काय? ‘आठ’. आणि आपण ओरडून बोललो की ‘आ’ मोठा होतो, ‘स’ आहे तिथंच राहतो. म्हणून घरात सासूबाईंना मोठ्यानं हाक मारली की त्या म्हणतात, ओरडतीस कशाला, आणि तरी शब्द कळत नाही तो नाहीच. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला.

समाजमंदिरात आम्ही फळे लावले नाहीत. दोन बाजूंच्या भिंतींवर वाकळा टांगल्या आणि खाली सतरंजी पसरली. सरपंच म्हणाले, वाळत घातल्यात काय? पण मागच्या बायांना ऐकू यायला लागलं. घरातला रेडिओसुद्धा कोपऱ्यात कोंबू नका, आवाज गुरगुरतो. भिंतीपासून हातभर पुढं, कानाच्या उंचीला ठेवा. बारीक आणि जाड आवाजाची बटणं असतील तर बातम्यांना, भाषणांना जाड कमी करा.

एवढं सगळं ऐकून मी खाली स्वयंपाकघरात गेले. वहिनी करंज्या तळत होती. सहज विचारलं, वहिनी, तुम्ही बसता का हो त्या खुर्चीत?

ती म्हणाली, "वन्सं, मी तिथं झाडायला जाते. आणि ऐकू येतंय की हितनं सगळं."

ती खोली होऊन अकरा वर्षं झाली आहेत. दादानं कधी बसू नको म्हटलं नव्हतं, त्याच्या मनात तसं काही नव्हतंच. बस असंही कधी म्हटलं नव्हतं. आणि तिला बसायला सवड असायची ती दुपारी, तेव्हा हा झोपलेला. यंत्राला हात कसा लावायचा?

मी म्हटलं, आज बसा. तुम्हाला काय ऐकायचंय? ती जरा थांबली, तेल खाली उतरवलं, आणि कपाटातनं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. आत एक कॅसेट. तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. कधी काळी मुंबईहून सुट्टीला आलेल्या मामेभावानं टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरातला टेप बंद पडल्यापासनं कॅसेट डब्यात, डबा माहेरच्या साड्यांखाली.

दादाला माहीतच नव्हतं. त्यानं कॅसेट उजेडात धरून बघितली. पट्टीवर पांढरी बुरशी आहे का ते बघतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. धरली असेल तर कॅसेट वाजवायची नाही, आधी साफ करून घ्यायची. ही वाचली होती. आतली लोकरीची बारकी गादी मात्र निघून पडली होती. दादानं दुसरी जुनी कॅसेट खोलून तिच्या खोक्यात ही पट्टी बसवली. दीड तास गेला. जेवणं थांबली, कुणी काही म्हटलं नाही.

लावल्यावर नुसतं सूं सूं. दादा म्हणाला, थांब, डॉल्बी चालू करून बघतो. वहिनी दचकलीच, "आता घरात डॉल्बी?"

आपल्याकडं डॉल्बी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मिरवणूक आली की ताटल्या वाजतात, तान्ही पोरं दचकतात, म्हातारी माणसं छातीवर हात धरतात. पण रे डॉल्बी हे एका अमेरिकन इंजिनियरचं नाव. 1965 साली लंडनला कंपनी काढायच्या आधी ते काही काळ भारतातही कामाला होते. आणि त्यांनी शोधून काय काढलं होतं? टेपची सूं सूं कमी करायची युक्ती! नको तो आवाज घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण भिंतीएवढ्या कर्ण्यांना देऊन बसलो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, 2000 सालच्या नियमांनी. सणासुदीला काही ठराविक दिवस बारापर्यंत सूट देता येते, बास. असो, तो राग पुन्हा कधीतरी काढू.

तर दादानं बटण दाबलं. सूं सूं कमी झाली पण आईचा आवाजही घोंगडीखाली गेल्यासारखा झाला. भरतानाच डॉल्बी लावलेलं नसेल तर असंच होतं. त्यानं बटण सोडलं. सूं सूं राहू दिली.

वहिनी खुर्चीत बसली होती, पदराला हात पुसत. आधी जात्याची घरघर आली, खालनं, पोटातनं यावी तशी. मग बांगड्या, फेऱ्यागणिक एकदा. मग आवाज. मध्येच कुणाचं तरी पोर रडलं आणि बाई गाता गाता त्याला "आले रं" म्हणाली. वहिनी म्हणाली, "ह्यो आमचा धाकटा." छोट्या टेपवर तिनं ही कॅसेट कितीदा ऐकली असेल, पण ते "आले रं" तिला कधी ऐकू आलं नव्हतं. ते घरघरीखाली दबलेलं होतं.

दादा दाराशी उभा होता. एक बाजू संपली, बटण खट्कन् वर आलं. वहिनी उठली नाही. दादानंच कॅसेट उलटली.

मैत्रिणींनो, पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव बायांकडनं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुष्कळ आवाजही भरून ठेवले. तरी प्रत्येक घरापर्यंत कोण पोचणार? तुमच्या घरात अशी कॅसेट असेल तर पाठच्या बाजूच्या दोन बारक्या खिट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. उन्हात ठेवू नका, स्पीकरवर तर नकोच, त्यात लोहचुंबक असतो. आणि घरात गाणारी म्हातारी अजून असेल तर मोबाइल आहेच. पंखा बंद करा. गाद्या-वाकळा रचलेली खोली बघा. मोबाइल तिच्या तोंडापासून दोन विती लांब, घडी केलेल्या कापडावर ठेवा, हातात धरू नका, बोटांचा आवाज येतो. सुरवातीला तिचं नाव, माहेर आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवा.

दादानं माझ्या गटातल्या बायांच्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून द्यायचं कबूल केलं आहे. त्या खोलीत आता दोन खुर्च्या आहेत. दुसरी मधोमध बसत नाही, म्हणून तो अधनंमधनं कुरकुरतो. गटातल्या बायांनो, पुढच्या बैठकीला येताना डबे उघडून बघा. वर नाव नसलं, आत काय आहे ते आठवत नसलं, तरी घेऊन या.