शंभर फ्रँकचे नाणे



आज मी फ्रान्समधल्या अशा एका नाण्यावर बोलणार आहे, जे बाजारात कधी खुळखुळलेच नाही. शंभर फ्रँकचे सोन्याचे नाणे. त्यावर १९२९ हे साल, आणि जोडीला ‘एसे’ हा शब्द. एसे म्हणजे चाचणी. नवे नाणे पाडण्यापूर्वी टांकसाळ असे थोडे नमुने पाडते, अधिकाऱ्यांनी हातात घेऊन पाहावेत म्हणून. त्यामुळे ते दुर्मिळ, आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. मला मात्र त्याच्या वजनाचेच कुतूहल अधिक.

वजन ६.५५ ग्रॅम, कस हजारी नऊशे. आता १९१४ पूर्वीचे, कोंबड्याची छाप असलेले वीस फ्रँकचे नाणे घ्या. वजन ६.४५ ग्रॅम, कस तोच. तराजूत दोन्ही जवळजवळ बरोबरीची. एकावर आकडा २० चा, दुसऱ्यावर १०० चा! सराफ आकडे वाचीत नाही, तो काटा पाहतो.

हे झाले कसे? ऑगस्ट १९१४ मध्ये नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. युद्ध कर्जावर आणि नोटांवर चालले. जुलै १९२६ मध्ये एका पौंडाला सुमारे २४० फ्रँक पडू लागले. पूर्वी २५ पुरत. प्वँकारे पुन्हा पंतप्रधान झाले, घसरण थांबली, आणि २५ जून १९२८ च्या कायद्याने फ्रँक ६५.५ मिलिग्रॅम सोन्यावर बांधला गेला. जुना ३२२.५८ चा होता. म्हणजे ठोकळमानाने पाचवा हिस्सा. युद्धापूर्वी सरकारी रोखे घेऊन म्हातारपणाची सोय लावणाऱ्या विधवेच्या पाच नाण्यांतली चार अशी कायद्याने पुसली गेली. प्वँकारेंनी फ्रँक वाचवला म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण कोणता फ्रँक, हे त्या बाईला विचारावे!

नाण्यासाठी १९२९ मध्ये स्पर्धा झाली. ल्युसियाँ बाझोर यांची आकृती पसंत पडली: एकीकडे प्रजासत्ताकाचे पंख असलेले मस्तक, दुसरीकडे गव्हाची ओंबी. मग वर्षे गेली. १९३५ व १९३६ साली ही नाणी लाखांनी पाडली. लोकांच्या हाती मात्र ती पडली नाहीत. तोच १ ऑक्टोबर १९३६ रोजी फ्रँक पुन्हा उतरला, ४३ ते ४९ मिलिग्रॅमवर. आता शंभराच्या नाण्यातले सोनेच १३४ ते १५२ फ्रँकांचे झाले. ते शंभराला कोण देणार? बहुतेक नाणी पुन्हा मुशीत गेली.