मुंडण केलेले डोके आणि वैशाखाचे ऊन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी काही डॉक्टर नव्हे. माझी नोकरी आरोग्य खात्यात लसी टोचण्यात गेली. तेव्हा मोठा विषय न घेता मी आज आपली एक चूक सांगणार आहे. तिच्यात माझाही वाटा आहे.

आपल्या दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात वस्तीतल्या पोरांनी मुंडण करून चीवर घेतले होते. बुद्ध पौर्णिमेची धम्मरॅली सकाळी आठला निघायची होती. गाडी आली नाही, स्पीकर लागला नाही, असे करता करता साडेदहा वाजले. विहारात परत यायला एक वाजून गेला. पोरं उघड्या डोक्यानं चालली. संध्याकाळी एका मुलाच्या डोक्याला हात लावला तर चटका बसला. दुसऱ्या दिवशी कानांवर फोड आले. विचारलं, "बाळा, काल का बोलला नाहीस?" तर म्हणतो, "काका, श्रामणेर झाल्यावर तक्रार करायची नसती ना?"

त्याची आई मला एवढंच म्हणाली, "लेकरू धम्माला दिलं होतं, उन्हाला नव्हतं." यंदा तिने धाकट्याला शिबिरात पाठवले नाही. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

असे का होते ते पाहा. केस म्हणजे डोक्यावरचे छप्पर. त्याखालच्या कातडीला ऊन माहीतच नसते. छप्पर एका दिवसात काढले आणि तिला मे महिन्याच्या दुपारी उभे केले, तर ती हातापायांच्या कातडीपेक्षा लवकर भाजते. भाजवणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. त्रास काही तासांनी कळतो आणि दिवसभरात वाढतो. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आपण फसतो.

काही ज्येष्ठ म्हणतात, "एवढं सहन करायचं नाही तर चीवर कशाला?" त्यांचा मान राखून सांगतो. तथागतांनी स्वतः देहदंड करून पाहिला, सोडला आणि मध्यम मार्ग सांगितला. विनयात केस दोन महिन्यांचे किंवा दोन बोटांचे झाले की काढावेत असे आहे. डोके भाजून घ्यावे असे कुठेही नाही. गावात डोक्यावरून चीवर घेऊन जाऊ नये हा नियम आहे खरा. पण छत्रीच्या बाबतीत चुल्लवग्गात आधी मनाई, मग आजाऱ्याला मुभा आणि पुढे आरामाच्या आवारात सर्वांनाच मुभा, अशी गोष्ट येते. म्हणजे माणसाची अडचण पाहून नियम मऊ केला. श्रीलंकेत आजही भन्ते रस्त्याने काळी छत्री घेऊन चालताना दिसतात.

आणि आपल्याला हे वेगळं शिकवायला पाहिजे का? पलूसच्या द्राक्षबागांत आपल्याच बाया-माणसं घडाला ऊन लागू नये म्हणून कागद बांधतात. घडाला कागद आणि लेकराचं डोकं उघडं, हा कुठला न्याय?

आता करायचे काय? रॅली सकाळी नऊच्या आत संपवावी. घड्याळ नसले तर सावली बघा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजावे. दर दोन पोरांमागे एक छत्री. उन्हाचे मलम परवडले तर 'एसपीएफ ३०' किंवा जास्तीचे घ्यावे, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे डोक्याला, कानांना, मानेला लावावे आणि दोन तासांनी पुन्हा लावावे. खोबरेल तेल म्हणजे मलम नव्हे. लिंबू चोळून तर उन्हात जाऊच नये, त्याने कातडी जास्त भाजते. मुंडण आदल्या दिवशी सावलीत करावे आणि प्रत्येकाला नवे पाते वापरावे. एका पात्याने कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो.

भाजलेच तर गार पाणी, सावली, भरपूर पाणी प्यायला. तूप, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. पोरगं बरळायला लागलं, चक्कर आली, अंग तापलं, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराच्या कार्यक्रमाला बसलेली १४ माणसे उन्हाने गेली, हे विसरू नका.

टक्कल पडलेल्या आमच्यासारख्यांनाही हेच लागू. आपल्या आज्यांनी पटका उगाच बांधला नव्हता. त्याने कान-मानही झाकायची. टोपीने नुसता माथा झाकतो. म्हणून रानात टोपीवरून दोन पदरी पंचा घ्यावा. डोक्यावरची खरबरीत खपली किंवा जखम महिनाभरात बरी झाली नाही तर डॉक्टरला दाखवावी.

समितीला माझी विनंती आहे: पुढच्या शिबिराच्या पत्रिकेत रॅलीची वेळ छापा आणि ती पाळा. शिबिराच्या पहिल्याच दिवशी पोरांना सांगा की दुखलं तर बोलायचं, त्यानं शील मोडत नाही. छत्र्यांसाठी माझी वर्गणी मी आजच देतो. मग त्या माउलीच्या दारात आपण सगळे मिळून जाऊ आणि धाकट्याला मागू.

एवढे बोलून थांबतो. भवतु सब्ब मंगलं. जय भीम!