३,६४९ : जे गुण वहीत नव्हते

हेडफोन लावलेत ना? आज एका आकड्याची गोष्ट सांगतो. तीन हजार सहाशे एकोणपन्नास.

फेब्रुवारी २०२४. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने कॉलेज बास्केटबॉलमध्ये ३,५२७ गुणांचा महिलांचा विक्रम मोडला. रील्स बघितल्या असतील तुम्ही. पण तेव्हाच जुनी मंडळी म्हणायला लागली, "थांबा, खरा आकडा याहून मोठा आहे!"

तो आकडा होता लिनेट वुडार्डचा. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातली ही मुलगी. १९७७ ते १९८१ अशी चार वर्षं ती कॅन्सस विद्यापीठाकडून खेळली आणि तिने ३,६४९ गुण केले. सरासरी काढा, सामन्याला २६ च्या वर. चारही वर्षं ऑल-अमेरिकन संघात निवड. १९८१ मध्ये मानाची वेड ट्रॉफी.

आता गंमत ऐका. तेव्हा महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषाच नव्हती. कितीही लांबून टाका, गुण दोनच. आणि बॉलही पुरुषांचाच, मोठा.

मग हा विक्रम गेला कुठे? कॉलेजचे खेळ चालवणारी एनसीएए ही संस्था महिलांच्या स्पर्धा घ्यायला लागली १९८१-८२ पासून. त्याआधी ते काम एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संस्था बघायची. लिनेटचा शेवटचा सीझन १९८०-८१. म्हणजे एका वर्षाने हुकलं! तिचे गुण एनसीएएच्या विक्रमांच्या वहीत आलेच नाहीत.

पण ती रडत बसली नाही हां. १९८० मध्ये ऑलिंपिक संघात निवड झाली, तर अमेरिकेनं मॉस्कोवर बहिष्कार टाकला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ती कॅप्टन होती आणि गळ्यात सुवर्णपदक. १९८५ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गाजलेल्या संघात खेळणारी ती पहिली बाई ठरली. १९९७ ला डब्ल्यूएनबीए सुरू झाली, तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना तिथंही खेळली. २००४ मध्ये हॉल ऑफ फेम.

२८ फेब्रुवारी २०२४ ला क्लार्कने ३,६४९ चा आकडाही ओलांडला. त्यानंतर ३ मार्चला आयोवाच्या घरच्या मैदानावर लिनेट स्वतः हजर होती. अख्खं स्टेडियम तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. ज्यांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना त्या आठवड्यात ते कळलं.

मला विचाराल तर क्लार्कचं कौतुक यानं तसूभरही कमी होत नाही. उलट तिने नक्की किती मोठा डोंगर चढला, ते आत्ता कळतं. म्हणून पुढच्या वेळी 'इतिहासात पहिल्यांदाच' असं काही वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: हा इतिहास कुठल्या वर्षापासून मोजलाय?

तुमच्या शाळेत, कॉलेजात किंवा गावात अशी कुणी खेळाडू होती का, जिची नोंदच झाली नाही? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, खेळत राहा!