प्रतिमा खरी हवी : प्रोस्टेटची एमआरआय तपासणी



प्रोस्टेट हा शब्द साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या घरांत आता अपरिचित राहिलेला नाही. मूत्राशयाच्या खाली व गुदाशयाला अगदी लागून असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात कर्करोगाची शंका आली की पूर्वी सोनोग्राफीच्या आधाराने ठराविक दहा-बारा ठिकाणी सुई टोचून नमुने घेत. सुई रोगाच्या जागी पोहोचेलच, याची शाश्वती नसे.

ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या ‘प्रॉमिस’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गंभीर स्वरूपाचे १०० कर्करोग असतील, तर त्यांपैकी ९३ एमआरआयने हेरले जातात आणि जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने केवळ ४८, असे त्यातून दिसून आले. ५०० पुरुषांच्या ‘प्रिसिजन’ या अभ्यासाने २०१८ साली त्यास पुष्टी दिली. एमआरआयच्या मार्गदर्शनाने तपासलेल्या गटात गंभीर कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडला, तर जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्के पुरुषांत. तात्पर्य, सुई कोठे टोचावयाची हे आता प्रतिमा ठरविते. ती प्रतिमाच वाकडी असेल तर?

या तपासणीत सर्वांत मोलाची ठरते ती पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी प्रतिमा. निरोगी ग्रंथीत पाण्याचे रेणू बरेच मोकळे फिरतात. कर्करोगाच्या दाट पेशींत ते अडखळतात. ही सूक्ष्म हालचाल टिपावयाची तर चित्र निमिषार्धात घ्यावे लागते. तशी अतिवेगवान पद्धत नॉटिंगहॅमचे शास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ साली मांडली. २००३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासमवेत मिळाले.

परंतु वेगाची किंमत मोजावी लागते. कोणता संकेत शरीराच्या कोणत्या बिंदूतून आला, हे यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या आधारे ठरविते. क्षेत्रात किंचित बिघाड झाला तरी या पद्धतीत बिंदू एका दिशेने आपल्या जागेवरून सरकतो. हवा आणि शरीरातील ऊती यांचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्याने गुदाशयात वायू साठलेला असला की शेजारचे क्षेत्र बिघडते. चित्र कोठे ताणले जाते, तर कोठे संकेत एका जागी गोळा होऊन नसलेला उजळ डाग उमटतो. प्रोस्टेटचे सुमारे ७० टक्के कर्करोग उद्भवतात ते ग्रंथीच्या बाह्य भागात, ज्याचा बराचसा हिस्सा गुदाशयाला लागून असतो. म्हणजे जेथे दृष्टी सर्वांत स्वच्छ हवी, तेथेच ती फसते! ३ टेस्लाच्या यंत्रात चित्र अधिक स्पष्ट येते. पण हा बिघाडही १.५ टेस्लाच्या दुप्पट होतो. गाठ काही मिलिमीटरची असेल, तर काही मिलिमीटरची चूकही सुईला चुकविण्यास पुरेशी ठरते.

यावरील उपाय तीन पायऱ्यांचे आहेत. पहिला अगदी साधा : तपासणीपूर्वी शौचास जाऊन गुदाशय रिकामा करणे. एनिमा द्यावा की नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु प्रारंभीच्या चित्रांत वायू दिसल्यास बारीक नळीने तो काढून टाकता येतो. दुसरा उपाय चित्र घेताना करावयाचा : ग्रंथीपुरताच लहान भाग टिपणे किंवा एकच चित्र अनेक टप्प्यांत घेणे. वेळ थोडा अधिक लागतो, पण विकृती घटते.

तिसरा उपाय गणिताचा. एकच भाग दोनदा, परस्परविरुद्ध दिशांनी टिपतात. एकाच नक्षीचे कापड एकदा डावीकडे आणि एकदा तितकेच उजवीकडे ताणले, तर मूळ नक्षी दोहोंच्या मध्ये असते. त्याचप्रमाणे संगणक बिंदूंची खरी जागा शोधून काढतो. मात्र दोन चित्रांच्या दरम्यान वायू हलला, तर हिशेब चुकतो. आणि एकमेकांवर गोळा झालेले संकेत नेहमीच पूर्ण उलगडता येतात असे नाही. म्हणून पहिल्या उपायाची जागा तिसरा घेऊ शकत नाही.

चित्र निदानास योग्य आहे की नाही, हे गुणांनी ठरविण्याची ‘पाय-क्वाल’ ही पद्धत २०२० साली पुढे आली व २०२४ साली सुधारून मांडली गेली. रुग्णाचे कर्तव्यही येथेच येते. तपासणीपूर्वीच्या सूचना काटेकोरपणे पाळाव्यात, खुब्यात धातूचा सांधा बसविलेला असल्यास तो आवर्जून सांगावा आणि अहवाल हाती आल्यावर ‘चित्राची गुणवत्ता कशी होती?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. त्यात संकोच नसावा. वायू निघाल्यावर चित्र पुन्हा घेण्यास काही मिनिटे लागतात. चुकलेल्या सुईची भरपाई मात्र महिन्यांनीही होईल, असे नाही.

प्रतिमा सुबक दिसणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे. औषधोपचाराचा निर्णय खऱ्या प्रतिमेवरच उभा राहावा, एवढेच मागणे. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.