मुंब्र्याच्या रुळाचे पैसे कोण देतं?

(युवा कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान खचाखच भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली. काही जणांचा जीव गेला. नंतर लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे लावण्याची चर्चा झाली. दरवाजे लावा, पण आतल्या गर्दीचं काय? गर्दी कमी करायला जादा गाड्या हव्यात, गाड्यांना रूळ हवेत, रुळांना जमीन आणि पैसा हवा. तो पैसा कुठून येतो, एवढंच आज सांगतो. मी वाहतुकीचा तज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण सरकारी कागद वाचायची सवय लागली आहे.

आपण म्हणतो, रेल्वे केंद्राची, राज्य काय करणार? मुंबईच्या लोकलबाबत ते अर्धंच खरं आहे. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिच्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के. एमयूटीपी म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प हिच्याकडे आहे, आणि त्याच्या रेल्वेकामांचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पात हात आखडला की रूळही अडतो. आपल्या आमदाराला लोकलबद्दल विचारणं अजिबात चुकीचं नाही.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका बघा. अंतर सुमारे ९ किलोमीटर, खर्च सुमारे ६२० कोटी. २००८ च्या सुमारास दुसऱ्या टप्प्यात मंजुरी, लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्या काळात शाळेत जाणारं पोर कमावतं झालं आणि त्याच गर्दीत लटकायला लागलं.

आता कर्जाकडे येऊ. राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्य सरकारला भारताच्या हद्दीतच कर्ज घेता येतं. म्हणून जागतिक बँकेचं कर्ज भारत सरकार घेतं आणि खाली पोचवतं. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यासाठी २००२ मध्ये असे ५४ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. पैशाबरोबर अटीही आल्या. त्यातली महत्त्वाची म्हणजे ज्यांची घरं-दुकानं जातील त्यांचं नीट पुनर्वसन. बाहेरचा सावकार आपल्या गरिबांवर प्रेम करतो म्हणून हे झालं असं समजू नका. पण अट कागदावर होती, आणि ती वाचणारे लोक कुर्ल्यात निघाले.

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता त्याच प्रकल्पात होता. त्यात कुर्ल्याच्या किस्मत नगरच्या दुकानदारांची दुकानं जात होती. दुकान कितीही मोठं असो, बदल्यात २२५ चौरस फूट, आणि तेही धंदा चालेल की नाही अशा ठिकाणी. वर्षानुवर्षं बांधलेलं गिऱ्हाईक नकाशात दिसत नाही ना! त्यांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रार केली. इतर वस्त्यांमधूनही तक्रारी गेल्या. समितीने चौकशी केली, बँकेच्याच त्रुटी दाखवल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या कामांचा पैसा थांबवला. राज्याने सुधारणा मान्य केल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू झाला. रस्ता झाला, २०१४ मध्ये खुलाही झाला. या लोकांचं म्हणणं ‘रस्ता नको’ असं नव्हतंच. ‘आमचा हिशोब चुकलाय’ एवढंच होतं. आपल्याकडे मोर्च्याच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. ही अर्जाची गोष्ट आहे, म्हणून बहुधा कोणी सांगत नाही.

मेट्रोचा मामला वेगळा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. हा तिकिटाचा नफा नव्हे. यात समाजाचा फायदा मोजतात: वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, कमी झालेले अपघात. वेळेची किंमत अनेकदा उत्पन्नावरून धरतात. मग माझा एक तास महाग आणि भिवंडीच्या लूम कामगाराचा तास स्वस्त! सूत्रात धर्म किंवा जात कुठेच नाही, तरी उत्तर कोणाच्या बाजूने झुकेल ते तुम्हीच बघा. चालणाऱ्यांचंही तसंच. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत होत्या. त्या मानाने फुटपाथला किती पैसा मिळाला?

पैसा मात्र सगळ्यांकडून येतो. मेट्रो-३ चा अंदाज २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, त्यात मोठा भाग जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा. शिवाय एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. कोंढव्यात ५० लाखांचा फ्लॅट घेणारा ५० हजार रुपये देतो, मग मेट्रो त्याच्या दारात येवो न येवो.

बससाठी असा सावकार मिळत नाही. बांधकामाला कर्ज मिळतं, रोजच्या डिझेल-पगाराला कोण देणार? बेस्ट महापालिकेच्या मदतीवर तगून आहे. जुलै २०१९ मध्ये तिचं किमान भाडं ५ रुपये झालं, मे २०२५ मध्ये १०. रोज दोनदा बस बदलणाऱ्या बाईसाठी ही दुप्पट वाढ फार मोठी आहे, आणि त्यावर आपल्या मोहल्ल्यात एक साधी बैठक झाल्याचं मी ऐकलं नाही.

आता कामाचं सांगतो. रेल्वेचं ‘पिंक बुक’ केंद्रीय अर्थसंकल्पानंतर ऑनलाइन येतं. त्यात महानगर वाहतूक प्रकल्पांच्या शीर्षाखाली कोणत्या कामाला यंदा किती रक्कम ठेवली ते दिसतं. एमएमआरडीएचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये येतो. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग एमयूटीपी-३ मधला आहे. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना त्यामुळे ठाण्याला उतरावं लागणार नाही. त्यातलं दिघा स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा भाग घरांच्या पुनर्वसनामुळे रखडला. त्या घरांची यादी कोणी केली, कोणाचं नाव सुटलं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाचा नमुना मी करून आणलाय. लॅपटॉपही आहे. मुंब्रा-कळव्याचे जे असतील ते चहानंतर इकडे पुढे या, पिंक बुक उघडूनच बसू.