गणित-संशोधनाची वाट आणि तालुक्याचे महाविद्यालय

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यातील भाषण)



चाळीसगावजवळ पाटणे येथे इ.स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजाने त्या मठास दान दिले, अशी त्यात नोंद आहे. दानाचा तपशील सांगणारा मजकूर त्या काळच्या मराठीत आहे. गणितासारख्या अवघड शास्त्राचा सांभाळ हे राजधानीतल्या पंडितांपुरतेच काम नव्हे, ही जाणीव या भूमीत आठशे वर्षांपूर्वीही होती.

आज त्याच परिसरातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या शेतमजुराच्या मुलीपुढे कोणते मार्ग दिसतात? बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाही तर विवाह. गणितात किंवा संगणकशास्त्रात पीएच.डी. करता येते, एवढेच नव्हे तर ती करीत असताना दरमहा वेतनासारखी रक्कम मिळू शकते, हे तिला सहसा कोणी सांगितलेले नसते. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि ग्रामीण कुटुंबांतील मुले, त्यातही मुली, या विषयांच्या संशोधनात कमी दिसतात. याचे खापर बुद्धीवर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. सारे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ पासून आरंभ केल्यास ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ येते. पुढे ते बदलत नाही. अधिकाधिक सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथेच पोहोचते. कापरेकरांना हा शोध १९४९ मध्ये लागला. जगभर त्याचा बोलबाला झाला तो मात्र १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यानंतर. कापरेकरांचे पदव्युत्तर शिक्षण झालेले नव्हते. शाळेत शिकवीत ते एकटेच संशोधन करीत राहिले. एकलव्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच; परंतु प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याने एकलव्य व्हावे, असे धोरण कोणत्याही समाजाला शोभत नाही.

गुरूपर्यंत पोहोचण्याची वाट बांधता येते, हे एका उपक्रमाने दाखवून दिले आहे. त्या वेळी मुंबई विद्यापीठात असलेले प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रम, म्हणजेच ‘एमटीटीएस’, सुरू केला. त्यास राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचे अर्थसाहाय्य लाभले. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक विद्यार्थ्यांना सुमारे चार आठवडे एकत्र ठेवावयाचे, राहण्या-जेवणाची सोय करावयाची आणि सूत्रे पाठ करून घेण्याऐवजी त्यांना प्रश्न विचारावयास लावावयाचे, अशी त्याची पद्धत. व्याख्या कशासाठी केली? ही अट काढली तर काय बिघडेल? बारा-पंधरा वर्षे गाईड पाठ केलेल्या मुलाला हे प्रश्न प्रथम परके वाटतात. पण संशोधन म्हणतात ते याच प्रश्नांपासून सुरू होते. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना हेही सांगावयास हवे की, प्रमेय सिद्ध करण्यास फार मोठा शब्दसंग्रह लागत नाही.

आता पैशाचा प्रश्न. गरीब कुटुंबाला मुलाच्या कमाईची वाट फार वर्षे पाहता येत नाही, ही अडचण खरी आहे. मात्र हीच कुटुंबे शेत गहाण ठेवून स्पर्धा परीक्षेसाठी मुलाला चार-चार वर्षे पुण्यात ठेवतात, आणि त्या काळात एक पैसाही घरात येत नाही. याउलट कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. गणितासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि संगणकशास्त्रासाठी यूजीसी नेट या परीक्षांतून तिची निवड होते. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परीक्षा कठीण आहे आणि पीएच.डी. झाली म्हणजे प्राध्यापकाची जागा ठेवलेलीच असते असेही नाही. हे लपवू नये. संगणकशास्त्रात निदान प्राध्यापकीबाहेरही वाटा पुष्कळ आहेत.

मुलींच्या बाबतीत वयाचा आणि संसाराचा प्रश्न पुढे केला जातो. मंगला नारळीकर यांनी १९६४ मध्ये एम.ए. केले आणि पीएच.डी. मिळविली १९८१ मध्ये, संसार सांभाळून. मधल्या सतरा वर्षांनी त्यांचे गणित संपले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो; मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्क्यांची सूट मिळू शकते. किती सासरी हे ठाऊक असेल?

म्हणून काम आहे ते वेळेवर सांगण्याचे. एम.एस्सी. झाल्यावर मिळालेला सल्ला बहुधा उशिराचा असतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिक्षकाने दोन विद्यार्थी हेरले, उन्हाळी शिबिराचा अर्ज भरून घेतला, तर पुढची पाच वर्षे बदलतात. पंचायत सदस्य गणित शिकवू शकणार नाहीत, पण मुलगी चार आठवडे परगावी जाणार म्हणून बावरलेल्या बापाशी ते बोलू शकतात. त्यांच्या शब्दाला घरात वजन असते. आणि अधिकाऱ्यांकडे तर दाखले आहेत. जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक कागद मुदतीनंतर हाती आला की वर्ष वाया जाते. अधिछात्रवृत्तीचा हप्ता सहा महिने लांबला तर सुस्थितीतील विद्यार्थी वडिलांकडे हात पसरतो. ज्याला तसे वडील नाहीत तो वसतिगृह सोडून गावी परततो आणि त्याचा प्रबंध अर्धाच राहतो. असे अर्ज व अशी देयके तहसील आणि जिल्हा कार्यालयांत वेगळी काढून आधी निकाली काढण्यास कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.